गुंतावळ आणि गंगावन

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नैरोबीहून पुण्याला शिकायला आलेली एक मुलगी दोन वर्षं राहिली. आल्या-आल्या पहिल्याच महिन्यात ती जवळच्या एका पार्लरमध्ये गेली. केस धुऊन, विंचरून हवे होते, एवढंच काम. तिथल्या बाईंनी कोरड्या केसांत थेट मुळापासून फणी घातली आणि ओढली. फणीचे दोन दात मोडले. केस किती मोडले त्याचा हिशेब नाही. वर सल्ला मिळाला की असले केस आम्हाला जमत नाहीत, स्ट्रेटनिंग करून घ्या. डोक्याला ओढणी गुंडाळून ती जिना चढत होती तेव्हा आमची पहिली ओळख झाली.

पुढे तिच्याकडे बसून पाहत गेले आणि मग त्या नादाने पुस्तकं, वैद्यकीय अभ्यास, कोर्टाचे निकाल वाचत गेले. वाचता वाचता माझं एक मत पक्कं झालं. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या केसांचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं ते केस दुसऱ्या कुणाच्या तरी केसांसारखे दिसावेत या खटाटोपात होतं. त्या केसांना त्यांच्या वळणाने वागवलं तर ते छान राहतात. वीव्ह, म्हणजे स्वतःच्या वेण्यांवर शिवलेले दुसरे केस, लावायलाही माझा विरोध नाही, फक्त खालच्या टाळूचा हक्क पहिला.

केस सरळ की कुरळा हे टाळूच्या आतच ठरतं. ज्या कूपातून हा केस उगवतो तो कूपच विळ्यासारखा वाकडा असतो आणि केसाचा आडवा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो. प्रत्येक वळणावर केस थोडा पिळला जातो आणि तिथेच तो नाजूक होतो. टाळूतून पाझरणारं तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत पोचतं. स्प्रिंगसारख्या केसावर ते पहिल्या काही वेटोळ्यांतच अडतं. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडं अशी या केसांची कायमची तक्रार. बघणाऱ्याला हे केस दाट आणि दणकट वाटतात. वास्तविक टाळूच्या तेवढ्याच जागेत केसांची संख्या सरळ केसवाल्यांपेक्षा कमी भरते आणि वाढीचा वेगही थोडा कमी, महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर. त्यात हे केस वाळताना आखडतात. त्या मुलीचे ओले केस ताणले की खांद्याला टेकायचे, वाळले की कानापाशी यायचे. "माझे केस वाढतच नाहीत" असं शाळेत असताना तिला खरोखर वाटायचं. केस वाढत होतेच, पण जितके वाढत तितकेच टोकाला तुटत होते. काळजी घ्यायची म्हणजे मुख्यतः ही तूट थांबवायची.

हे केस आपल्या भूमीला परके आहेत असंही नाही. खडकी वसवणारा मलिक अंबर इथिओपियाहून आलेला, जंजिऱ्याचे नवाब सिद्दी. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळकडच्या जंगलपट्टीत कोकणी बोलणारे सिद्दी आजही राहतात. तरी आपल्या शाम्पूच्या जाहिरातींत आणि पार्लरच्या शिकवणीत या केसांना जागा नाही.

केसांची जी प्रसिद्ध वर्गवारी सगळीकडे वापरली जाते ती ऑप्रा विन्फ्रीचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांची. सरळ केस १, नागमोडी २, कुरळे ३ आणि घट्ट वेटोळ्यांचे ४. त्यात पुढे पोटभाग पडत गेले आणि '४सी' हा सर्वांत घट्ट केसांचा शिक्का झाला. बाजारात क्रीम निवडायला ती सोयीची आहे, पण मला ती फारशी उपयोगाची वाटत नाही. केस पाणी किती पटकन पितो आणि किती वेळ धरून ठेवतो, हे आकड्यावरून कळत नाही. शिवाय सरळ केसांपासून मोजायला सुरुवात केली की घट्ट केस आपोआप रांगेच्या शेवटी जातात.

त्या मुलीचा रविवार म्हणजे 'वॉश डे'. सकाळी दहाला बसायची, दुपारी दोन वाजायचे. आधी केसांचे चार भाग, प्रत्येकाला चिमटा. एका भागावर फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारायचं, मग कंडिशनर सढळ हाताने चोपडायचा. इतका की बोटं बुळबुळीत व्हावीत. गुंता आधी बोटांनी सोडवायचा आणि तोही टोकाकडून. टोकाचा दोन बोटं भाग मोकळा झाला की थोडं वर, मग आणखी वर. सगळ्यांत शेवटी रुंद दातांची फणी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझी आजी आठवली. तीही माझी वेणी घालताना एका हातात केस मुठीत धरून, मुळाला ओढ बसू न देता, खालून वर गुंता काढत यायची. पार्लरमधल्या बाईंना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. या केसांनाही तोच नियम लागू आहे, एवढं त्यांच्या लक्षात आलं नाही.

शाम्पू फक्त टाळूला. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की असे केस आठवड्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांतून एकदा धुवावेत. रोज धुतले तर असलेलं तेलही निघून जातं. धुतल्यावर केस ओलसर असतानाच पाण्यावर आधारलेलं क्रीम लावायचं आणि त्यावर तेलाचा पातळ हात. इथे आपली मराठी सवय आड येते. आपण कोरडे केस दिसले की तेल थापतो. तेल म्हणजे ओलावा नव्हे. तेल आतलं पाणी कोंडून ठेवतं. आत पाणीच नसेल तर वरून फक्त चिकटपणा येतो. आणि कोंड्याचा त्रास असेल तर टाळूवर जिरवलेलं तेल तो वाढवतं, कारण कोंड्याशी निगडित असलेली मॅलासेझिया ही बुरशी तेलावरच जगते. एरंडेलाने केस भराभर वाढतात ही समजूत नैरोबीपासून नाशिकपर्यंत आहे. तिला भक्कम आधार नाही. पश्चिम आफ्रिकेतलं शिया बटर मात्र टोकं मऊ ठेवायला उत्तम, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शेवटी केसांच्या दोन-दोन बटा एकमेकींवर पिळून ठेवायच्या आणि रात्री सॅटिनची टोपी. सुती उशी ओलावाही शोषते आणि घासतेही. हे सारं ती सहज करायची, बोलता बोलता.

हे केस वेण्यांतही बांधतात. टाळूलगत, शेतातल्या सऱ्यांसारख्या ओळी घालत जाणारी वेणी म्हणजे कॉर्नरो. हिची एक गोष्ट मला फार आवडते. मेंदूचा विद्युत आलेख काढायचा तर इलेक्ट्रोड टाळूला नीट चिकटावे लागतात आणि घट्ट कुरळ्या केसांवर ते उचलले जातात. त्यामुळे आलेख खराब येतो, कधी अशा माणसांना अभ्यासातूनच वगळलं जातं. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अशाच केसांच्या एका विद्यार्थिनीने हा प्रश्न हाती घेतला. ज्या रेषांवर इलेक्ट्रोड बसवायचे त्या मोकळ्या राहतील अशा कॉर्नरो घालायच्या आणि वेण्यांच्याच आधाराने इलेक्ट्रोड घट्ट दाबून धरतील अशा क्लिपा वापरायच्या. २०२० मध्ये ते काम पुढे आलं.

या केसांना लपवण्याचा, सरळ करण्याचा दबाव जुना आहे. १७८६ मध्ये स्पॅनिश अमलाखालच्या लुइझियानाचा गव्हर्नर एस्तेबान मिरो याने मुक्त कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस फडक्याने झाकावेत असा हुकूम काढला. त्या स्त्रियांनी उंची, रंगीत कापडं अशा डौलाने बांधली की तीच फॅशन झाली. गुलामगिरी संपल्यावर केसांची काळजी हा कृष्णवर्णीय स्त्रियांनी स्वतः उभा केलेला धंदा ठरला. ॲनी टर्नबो मलोन यांनी सेंट लुईसला पोरो कॉलेज काढलं. त्यांच्याकडे विक्रेती म्हणून काम केलेल्या सारा ब्रीडलव, म्हणजेच मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९), पुढे स्वतःच्या उद्योगावर अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत स्वकष्टार्जित स्त्रियांपैकी एक झाल्या. तापवून केस सरळ करायचा लोखंडी कंगवा त्यांनी शोधला असं सर्रास छापलं जातं. ते चूक आहे. कंगवा आधीच होता. वॉकरबाईंचा मूळ माल होता टाळूच्या आजारावरचं मलम आणि केस नियमित धुण्याची शिकवण. ज्या काळात घरात नळ नव्हते आणि टाळूच्या रोगांनी बायकांचे केस झडत होते, त्या काळात हे फार मोठं काम होतं.

कंगव्याचा सरळपणा पाण्याचा थेंब पडला की जातो. कायमचा सरळपणा आणला तो रिलॅक्सरने. हा म्हणजे तीव्र अल्कली: सोडियम हायड्रॉक्साइड, आपण तुंबलेली मोरी साफ करायला वापरतो तोच कॉस्टिक सोडा. केसाला वळण देणारे गंधकाचे बंध तो तोडतो आणि ते पुन्हा जुळत नाहीत. माल्कम एक्स यांनी १९६५ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात तरुणपणी घरच्या घरी केलेल्या या प्रयोगाचं वर्णन केलं आहे. बटाटे, अंडी आणि कॉस्टिकचं मिश्रण डोक्यावर थापल्यावर झालेली आग आणि नंतर आरशात सरळ केस पाहून झालेला आनंद ते दोन्ही सांगतात आणि त्या आनंदाचीच त्यांना पुढे सर्वांत जास्त लाज वाटली. १९५४ साली शिकागोत सुरू झालेल्या जॉन्सन प्रॉडक्ट्सने हाच माल कारखान्यात बनवून घरोघर नेला. 'नो-लाय' म्हणून विकला जाणारा प्रकार टाळूला जरा सौम्य असला तरी तोही अल्कलीच, आणि त्याने केसांवर कॅल्शियमचा थर बसून ते अधिक कोरडे पडतात.

ज्यांना रिलॅक्सर करायचाच आहे त्यांनी तो फक्त नव्याने उगवलेल्या केसांना, दोन-तीन महिन्यांच्या अंतराने, टाळूला व्हॅसलीनचा थर देऊन लावावा, हे जाणकार सांगत आलेच आहेत. पण २०२२ नंतर प्रश्न केस तुटण्यापुरता राहिलेला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या 'सिस्टर स्टडी'त ३३,४९७ स्त्रियांची जवळजवळ अकरा वर्षं नोंद ठेवली गेली. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांना सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के निघालं, तर वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. रसायनामुळेच कर्करोग होतो हे यातून सिद्ध होत नाही. पण ही रसायनं वापरणाऱ्यांत साठ टक्के कृष्णवर्णीय होत्या, आणि त्यांच्यातल्या अनेकींच्या डोक्याला शाळकरी वयातच पहिला रिलॅक्सर लागतो. माझ्या मुलीच्या डोक्याला मी हे लावणार नाही, इतपत निर्णय घ्यायला मला हा आकडा पुरेसा वाटतो.

म्हणूनच अनेकजणी वीव्हकडे वळतात. सरळ लांब केस हवेत, पण स्वतःच्या केसांवर रसायन नको.

आपल्याकडे यासाठी फार सुंदर शब्द आहे: गंगावन. अंबाडा भरदार दिसावा म्हणून आपल्या आज्या वेणीत केसांचा झुबका गुंफायच्या, तेच. वीव्ह हे शिवलेलं गंगावन. ओहायोतल्या क्रिस्टिना जेंकिन्स यांनी १९५० च्या सुमारास केस एका जाळीदार आधाराला शिवून तो आधार डोक्यावरच्या वेण्यांना टाचायची पद्धत बसवली आणि तिचं पेटंट घेतलं. आजही मूळ कृती तीच. आधी सगळ्या केसांच्या कॉर्नरो, मग वर पातळ जाळी, मग अर्धवर्तुळाकार सुईने केसांची पट्टी वेणीला टाके घालत शिवायची. सुई वाकडी असते ती टाळूला टोचू नये म्हणून. मानेपासून सुरुवात करून एकेक ओळ वर चढत जायचं. साधारण शंभर-शंभर ग्रॅमच्या दोन-तीन जुड्या लागतात. कपाळाजवळ थोडे स्वतःचे केस बाहेर ठेवून वरून पसरतात, किंवा तिथे जाळीचा वेगळा तुकडा बसवतात. बाहेर ठेवलेले केस रोज इस्त्रीने सरळ करावे लागतात आणि सगळ्यांत आधी तेच भाजून तुटतात, म्हणून जाळीचा तुकडा मला अधिक शहाणपणाचा वाटतो. डिंकाने पट्टी चिकटवण्याची पद्धतही आहे. त्या डिंकात बहुधा लेटेक्स असतं, काहींना त्याची ॲलर्जी होते, आणि काढताना खालचे केस सोबत येतात.

वीव्ह लावल्यावर डोकं विसरता येतं, हा मोठा गैरसमज. दर आठवडा-दोन आठवड्यांनी टाळू धुवावीच लागते. निमुळत्या तोंडाच्या बाटलीत पाणी घातलेला शाम्पू घेऊन तो ओळींच्या मधून सोडायचा, बोटांच्या पेरांनी चोळायचं, भरपूर पाण्याने काढायचं. त्यानंतरचं वाळवणं सर्वांत महत्त्वाचं. वरचे केस तासाभरात सुके होतात, खालच्या वेण्या मात्र ओल्याच राहतात आणि त्या ओलीला कुबट वास सुटतो, बुरशी धरते. ती मुलगी पावसाळ्यात पुण्यात दोन-दोन तास टेबलफॅनसमोर पाठ करून बसायची. वरच्या केसांना टाळूचं तेल मिळत नाही, म्हणून त्यांना हलकं क्रीम लागतं. जड तेल लावलं की पट्ट्या चिकट होऊन गुंततात. आणि सहा ते आठ आठवड्यांत वीव्ह उतरवायची. पैसे वसूल व्हावेत म्हणून बारा आठवडे ठेवली, तर खालच्या केसांचा गठ्ठा होतो.

ओढ हा दुसरा धोका. वेण्या इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या गेल्यात, रात्री झोप लागत नाही, कपाळाच्या कडेने पुटकुळ्या आल्यात, हे सौंदर्यासाठी सोसायचं दुखणं नाही. ती ओढीने टक्कल पडण्याची सुरुवात असते. लवकर सैल केलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चाललं तर कूप कायमचे बुजतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रकाराची पहिली वैद्यकीय नोंद ग्रीनलंडमधल्या, घट्ट अंबाडा बांधणाऱ्या स्त्रियांवर झाली होती. केस कुठल्याही वंशाचे असोत, ओढ तेच करते. दुखत असेल तर वेणी घालणारीला तिथल्या तिथे सांगावं, हा एकच सल्ला मी ठामपणे देईन.

या पट्ट्यांतले केस येतात कुठून? दुकानात जुड्यांवर ब्राझीलचं, पेरूचं नाव असतं. ती नावं बहुतेक विक्रीपुरती. केस मुख्यतः आशियातले, आणि त्यात भारताचा वाटा मोठा. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर भाविक मुंडण करतात, देवस्थान त्या केसांचा लिलाव करतं. हे एका दिशेने कापलेले, खवले एकाच बाजूला असलेले 'रेमी' केस, सर्वांत महाग. क्रिस रॉक यांचा २००९ चा 'गुड हेअर' हा माहितीपट अमेरिकेतून निघून इथवर येतो. मात्र व्यापारातला दुसरा प्रवाह आपल्या घरातूनच निघतो, तो म्हणजे गुंतावळ. फणीला आलेले केस बोटाला गुंडाळून खिडकीच्या फटीत किंवा कोनाड्यात ठेवायचे आणि केसांवर फुगे, पिना, भांडी देणारा आला की त्याला द्यायचे. खानदेशात तर या फुगेवाल्यावरचं अहिराणी गाणं घराघरांत वाजलं. ती गुंतावळ कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरला, बंगालमध्ये मुर्शिदाबादकडे जाते. तिथे बायका सुयांनी एकेक केस सोडवतात, मग लोखंडी खिळ्यांच्या फण्यांतून ते ओढून लांबीनुसार लावले जातात. कच्च्या केसांची चोरटी निर्यात इतकी वाढली की २०२२ च्या जानेवारीत केंद्र सरकारने त्यावर निर्बंध घातले. गुंतावळीत मुळं-टोकं मिसळलेली असतात, खवले एकमेकांत अडकतात. म्हणून ते आम्लात घालून सोलतात आणि सिलिकॉनचा लेप देतात. नवी जुडी आरशासारखी चमकते आणि चार-पाच धुण्यांत तिचा काथ्या होतो, त्याचं कारण हे. एमा टार्लो यांच्या २०१६ च्या 'एंटँगलमेंट' या पुस्तकात हा सगळा प्रवास फार आस्थेने आला आहे.

या केसांसाठी माणसांना नोकरी आणि शाळाही पणाला लावावी लागली आहे. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या एका कर्मचारी स्त्रीने कॉर्नरोवरच्या बंदीविरुद्ध दावा लावला आणि ती हरली. वेणी ही बदलता येण्याजोगी निवड आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. २०१० मध्ये अलाबामातल्या एका स्त्रीला लॉक्स कापायला नकार दिल्यामुळे नोकरी नाकारली गेली. २०१६ मध्ये तिथेही निकाल विरोधात गेला. (लॉक्स म्हणजे आपल्याकडची जट नव्हे. आपल्याकडे जटेमागे भीती आहे, देवाचा कोप आहे. लॉक्स हौसेने वळलेले, नियमित धुतलेले असतात.) त्याच वर्षी प्रिटोरियाच्या मुलींच्या शाळेत विद्यार्थिनी आपल्या नैसर्गिक केसांसाठी उभ्या राहिल्या आणि दक्षिण आफ्रिकेला ऐकावं लागलं. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने क्राउन ॲक्ट करून केसांवरून होणारा भेदभाव हा वंशभेदच मानला. पुढे वीसहून अधिक राज्यांनी तसा कायदा केला. देशभरासाठीचं विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, सिनेटमध्ये अडलं. चिमामांडा अदीची यांच्या 'अमेरिकाना' कादंबरीची नायिका पहिल्याच प्रकरणात वेण्या घालायला प्रिन्सटनहून रेल्वेने ट्रेंटनला जाते, कारण ती राहते त्या गावात तशी सोयच नाही. मी ते वाचलं तेव्हा मला आमचा जिना आठवला.

परत जायच्या आधी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीने आमच्या हॉलमध्ये वीव्ह उतरवली. जमिनीवर वर्तमानपत्र, हातात छोटी कात्री. टाका कापताना दर वेळी आरशात पाहून ती खात्री करायची की कात्रीत दोराच आहे, वेणी नाही. वेण्या सुटल्या तसे कागदावर मूठभर केस जमले आणि मी घाबरले. ती मात्र शांत. रोज पन्नास-शंभर केस सगळ्यांचेच गळतात, वेण्यांत अडकलेले आठ आठवड्यांचे केस आज एकदम निघाले, असं म्हणून तिने एक केस उचलून उजेडात धरला. एका टोकाला पांढरा ठिपका होता, म्हणजे मुळासकट आपणहून गळलेला. ठिपका नसेल तर तो तुटलेला. तिने पंधरा-वीस केस असे तपासले. तुटलेले दोनच निघाले.

पट्ट्या धुऊन तिने आमच्या गॅलरीतल्या दोरीवर चिमट्यांनी वाळत घातल्या. आई तांदूळ निवडत होती, तिने उठून एक पट्टी हातात घेतली, बोटांवरून सरकवली आणि म्हणाली, "अगं, हे आपल्याकडचेच दिसतायत." मुलगी तोवर स्वतःच्या केसांचे चार भाग करून पाण्याची बाटली शोधत होती. तीन आठवडे आता डोक्यावर काही नको, आंटी, म्हणाली.